टेप सोलली की रंगही सोलतो: जुन्या किटच्या विमानावरचे पोपडे

प्लॅस्टिकच्या किटमधून जोडलेल्या स्पिटफायरच्या (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) पंखाखाली नॉर्मंडीचे पट्टे, म्हणजे 1944 च्या चढाईत मित्रराष्ट्रांच्या विमानांना ओळखीसाठी दिलेले पट्टे, रंगवून झालेत. तीन पांढरे, दोन काळे. रंग नको तिथे झाकायला लावलेली टेप हळूच उचलावी, तर तिच्या पोटाला पांढऱ्या रंगाची नखाएवढी खपली चिकटून आलेली आणि पंखावर करडं प्लॅस्टिक उघडं. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता टेप उचलताना श्वास रोखून धरायचं सोडून दिलंय. माझी बहुतेक विमानं जुन्या किटची असतात, वीस-तीस-चाळीस वर्षं डब्यात पडून राहिलेली, त्यामुळे हा प्रकार माझ्याकडे जरा जास्तच. सुरुवातीची कित्येक वर्षं मी प्रत्येक वेळी टेपलाच दोष दिला. महागातली टेप आणली, पोपडे निघायचे ते निघतच राहिले. टेप फक्त चुगली करते, चोरी आधीच झालेली असते.

लक्षणं

पुढचं काही दिसत असेल तर आजार हाच:

- टेपबरोबर रंगाची खपली येते आणि तिची कड नकाशासारखी वेडीवाकडी असते.
- दोन रंगांच्या सीमेवर बारीक करवतीसारखे दात पडतात.
- नखाने हलकं खरवडलं की रंग साय निघावी तसा सलग निघतो.
- वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश कागद) घासताना रंगाची भुकटी न होता सुरळ्या वळतात.
- त्रास सगळीकडे नसून ठरावीक जागीच होतो: पंखाच्या पुढच्या कडा, कॉकपिटच्या काचेची चौकट, पंख धडाला मिळतो तो सांधा.

शेवटच्या लक्षणाकडे नीट बघा. या सगळ्या जागा आपण जोडकाम करताना बोटांनी धरतो. पुढे त्याचा संबंध येईल.

आधी खपलीची पाठ बघा

काहीही दुरुस्त करायच्या आधी टेपला चिकटलेली खपली भिंगाखाली धरा. फेकू नका, अर्धं निदान तिथेच होतं.

खपलीच्या पाठीला प्रायमरचा (रंग धरावा म्हणून प्लॅस्टिकवर आधी द्यायचा थर) रंग आणि मॉडेलवर नागडं प्लॅस्टिक असेल, तर प्रायमरने प्लॅस्टिकला धरलंच नाही. म्हणजे मळ, तेल किंवा प्रायमरचीच जात. मॉडेलवर प्रायमर शाबूत आणि फक्त वरचा रंग आला असेल, तर बिघाड दोन थरांच्या मधे आहे. रंग मधूनच फाटलाय, टेपवरही तोच आणि मॉडेलवरही तोच, कड ओढल्यासारखी मऊ, तर थर अजून कच्चा आहे. आणि नुकसान फक्त टेपच्या कडेपुरतं असेल, तर दोष बहुधा रंग जाड बसण्यात किंवा टेप ओढण्यात आहे.

ही पाठ वाचता यावी म्हणून मी प्रायमरचा रंग मुद्दाम प्लॅस्टिकपेक्षा वेगळा घेतो. करड्या प्लॅस्टिकवर करडा प्रायमर मारला की काय निघालं ते कळतच नाही. मॅचबॉक्स कंपनीच्या जुन्या किटमध्ये एकाच विमानाचे भाग दोन-तीन रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये यायचे. तिथे तर एका पंखावर कळतं आणि दुसऱ्यावर नाही, अशी गंमत होते.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

१. टेप ओढण्याची रीत

टेप सरळ वर ओढली की सगळा जोर रंगाच्या एका अरुंद रेषेला उचलायला लागतो. टेपचं टोक उलटं दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, स्वतःच्याच पाठीवरून सावकाश मागे न्या. सावकाश म्हणजे खरंच सावकाश: झटका दिला की चिकट पदार्थ ताणून सुटायला वेळच मिळत नाही, तो कडक वागतो आणि रंगाला सोबत घेऊन येतो. ओढायची दिशाही महत्त्वाची. नव्या रंगाच्या कडेला तिरपं ओढलं तर कड फाटण्याऐवजी कातरल्यासारखी सुटते.

टेपच्या कडेला रंगाचा बांध साचला असेल तर काढण्याआधी नव्या पात्याच्या टोकाने त्या कडेवरून एकदा हलकं फिरवा. इतकं हलकं, की पात्याचं वजन तेवढंच पडावं. टेपवरचा थर आणि मॉडेलवरचा थर सलग असतो, तो तोडला नाही तर टेप तो फाडते. पातं जुनं असेल तर हे करूच नका, ते कापत नाही, खेचतं.

असे बांध मुळात होतात ते रंग टेपकडे तोंड करून फवारल्याने. एअरब्रशचा (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) रोख टेपवरून मॉडेलकडे असू द्या आणि पातळ तीन हात द्या, जाड एक नको.

२. टेप किती चिकट, किती वेळ लावलेली

घरकामाची मास्किंग टेप वापरत असाल तर पुढचं वाचू नका, आधी मॉडेलवाल्यांची पिवळी कागदी टेप घ्या. तीही कोऱ्या गुंडाळीतून थेट लावू नये. स्वच्छ काचेवर एक-दोनदा चिकटवून काढली की तिचा जोर मरतो. तळहातावर किंवा मनगटावर चिकटवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो पाळायचो. त्याने जोर कमी होतो हे खरं, पण त्वचेचं तेल टेपला लागतं आणि टेपचं तेल मॉडेलला.

दुसरं, काळ. संध्याकाळी टेप लावून मॉडेल कपाटात ठेवलं आणि पुढच्या महिन्यात आठवण झाली, असं आपल्या सगळ्यांचं होतं. टेपमधला चिकट पदार्थ दिवसेंदिवस पृष्ठभागावर पसरत, मुरत जातो आणि पकड वाढत जाते. लावली त्याच दिवशी काढायची, हा नियम बरा.

नॉर्मंडीचे पट्टे रंगवणाऱ्यांसाठी जाता जाता एक हिशेब. 1944 च्या जूनमध्ये एका इंजिनाच्या विमानांना हे पट्टे प्रत्येकी 18 इंच रुंद ठरले होते, दोन इंजिनांच्या विमानांना 24 इंच. 1/72 मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, मॉडेलला 18 इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, 1/48 ला साधारण 9.5. सहज मिळणारी 6 मिलिमीटरची टेप घेऊन तशीच चिकटवली तर पाच पट्ट्यांत पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो. पण इथे मुद्दा वेगळा: या पट्ट्यांत टेप नेमकी पांढऱ्यावर बसते, आणि पांढरा रंग कमी झाकतो म्हणून आपण त्याचे हात वाढवत जातो. थर जाड होतो, आतून कच्चा राहतो. म्हणूनच बहुतेकांचे पोपडे पहिल्यांदा तिथे निघतात.

३. रंग वाळलाय की पिकलाय

हाताला लागत नाही म्हणजे वाळला. टेप सोसतो म्हणजे पिकला. या दोहोंत काही तासांचं अंतर असतं किंवा काही आठवड्यांचं, रंगाच्या जातीवर ते ठरतं.

लॅकर फक्त थिनर उडून जाऊन घट्ट होतो, त्यामुळे तो सगळ्यांत लवकर तयार: पातळ थर दुसऱ्या दिवशी टेप बिनतक्रार घेतो. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण त्यातले रंगाचे बारीक कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हायला वेळ लागतो. थंडीत किंवा दमट हवेत ते नीट मिसळतही नाहीत. त्याला मी निदान दोन दिवस देतो, पांढऱ्याला आणि पिवळ्याला चार. एनॅमलचा प्रकारच निराळा. थिनर उडाल्यावर तो हवेतला प्राणवायू घेऊन कडक होत जातो, आणि हे काम वरून खाली चालतं. जाड थर दिला की वर कवच, खाली मऊ शिऱ्यासारखा लगदा. एनॅमलवर आठवड्याच्या आत टेप लावायची नाही.

तपासायचं कसं? नाकाने. मॉडेल झाकणाच्या डब्यात तासभर ठेवा, झाकण उघडताच वास घ्या. लॅकर आणि एनॅमलचा वास आला तर अजून काहीतरी बाहेर पडतंय. मग चाकाच्या खोबणीत किंवा पंखाच्या न दिसणाऱ्या मुळाशी नख रोवा. वळ उमटला तर थांबा.

घाई म्हणून केस वाळवायचं यंत्र मारू नका. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि पंखाच्या पातळ मागच्या कडा त्याच्याही आधी वाकतात. एकदा वाकलेली कड सरळ करण्यापेक्षा आठवडाभर थांबणं सोपं.

४. धुणं

जुन्या किटच्या बाबतीत माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त पोपडे या एका टाळाटाळीतून येतात.

किटचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून साच्याला तेलकट पदार्थ लावला जायचा, त्याचा अंश भागांवर राहतो. शिवाय जुनी किट म्हणजे आधीच्या मालकाने डबा उघडून प्रत्येक भाग हातात घेऊन पाहिलेला. अर्धवट जोडलेलं मॉडेल विकत घेतलं असेल तर त्यावर बोटांचे ठसेच ठसे. प्रायमर या तेलावर बसतो, प्लॅस्टिकवर नाही, आणि टेप येईपर्यंत तसाच बसून राहतो. दिसायला काही फरक नसतो. म्हणून फसगत होते.

भाग किटच्या चौकटीवर (सगळे भाग जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची जाळी) असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ टूथब्रशने घासा. हातांना मऊपणा देणारा, क्रीम घातलेला साबण नको, तो स्वतःच थर सोडून जातो. भरपूर पाण्याने धुवा, फडक्याने न पुसता हवेवर वाळू द्या. जोडकाम आणि घासकाम संपल्यावर, प्रायमरच्या लगेच आधी, पुन्हा एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. त्यानंतर मॉडेलला उघडा हात लावायचा नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, पावडर लावलेले नकोत. किंवा पोटातल्या एखाद्या भोकात काडी खोचून तिथे धरा.

एक गैरसमज सांगून ठेवतो. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब झाले तर तेलकट, अशी परीक्षा सांगतात. काच आणि धातू यांना ती लागू आहे. पॉलिस्टायरीन मुळातच पाण्याला फारसं धार्जिणं नाही, स्वच्छ असलं तरी त्यावर थेंब होतात. मी या परीक्षेपायी एक धड तीनदा धुतलं होतं.

रंग बसताना मधेच गोल खळगे पडत असतील, माशाच्या डोळ्यासारखे, तर ते साधं तेल नसून सिलिकोन असायची शक्यता मोठी. ते फर्निचरच्या पॉलिशमधून येतं, हाताच्या क्रीममधून येतं, शेजारी कुणी फवारा मारला तरी येतं. ते साबणाने सहजी जात नाही, अल्कोहोलने दोन-तीनदा, दर वेळी नवं कापड घेऊन पुसावं लागतं. जुनं कापड ते फक्त पसरवतं.

५. फवारा कोरडा पडतोय का

प्रायमर शाबूत आणि वरचा रंग निघतो, तेव्हा हे पाहा. बोट फिरवा. रंग खडबडीत, खडूसारखा लागतोय? मग तो हवेतच सुकून धूळ म्हणून येऊन बसलाय. कणांना एकमेकांत आणि खालच्या थरात मुरायला ओलावाच मिळाला नाही. अंतर कमी करा, दाब थोडा उतरवा, थिनर वाढवा. मी 15 ते 20 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप), मॉडेलपासून चार बोटांवरून फवारतो. रंग बसतो त्या क्षणी ओला चकाकला पाहिजे आणि चार-पाच सेकंदांत ती चकाकी विझली पाहिजे.

त्याच जागी दुसरं कारण गुळगुळीतपणा. चकचकीत रंगावर बरेच दिवसांनी दुसरा रंग दिला की त्याला पकडायला काही नसतं. 2000 च्या, म्हणजे अगदी बारीक, वॉटर पेपरने पाण्यात हलकं घासून चकाकी मारा.

मात्र जुन्या किटवर पॅनेलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या) रेघा आणि रिव्हेट बहुधा उठावाच्या असतात, कोरलेल्या नसतात. कागद एकाच जागी चार वेळा फिरला की रेघ गेली. तिथे कागदाऐवजी काच-तंतूंचा ब्रश किंवा भांडी घासायच्या मऊ पॅडचा तुकडा वापरा.

६. प्रायमर आणि रंगांची जोडी

इथून पुढे खर्च आहे. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक प्रायमर प्लॅस्टिकवर नुसता पांघरुणासारखा पडतो. लॅकर प्रायमरमधलं थिनर पॉलिस्टायरीनचा अगदी वरचा पदर किंचित मऊ करतं, आणि प्रायमर त्यात रुततो. घासताना सुरळ्या वळतात ते लक्षण आठवतंय? ते पहिल्या प्रकाराचं. पाण्यातला प्रायमर वाईट असतो असं नाही, ब्रशने रंगवणाऱ्याचं त्यावर उत्तम चालतं. पण त्यावर टेपचं काम करायचं असेल तर मी लॅकर प्रायमरच वापरतो, मि. सर्फेसर 1200 किंवा 1500, पातळ करून. खिडकी उघडी, तोंडावर सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क. धुळीचा कागदी मास्क वाफेला अडवत नाही.

जोडीचा नियम एवढाच: जहाल थिनरचा रंग खाली, सौम्य वर. लॅकरवर एनॅमल चालतो. एनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर फुगतो, सुरकुततो, आणि सुरकुतलेला रंग कधीच टेप सोसत नाही.

नवी जोडी वापरायच्या आधी किटच्या चौकटीच्या तुकड्यावर चाचणी घ्या. प्रायमर, रंग, पिकण्याचा पूर्ण वेळ. मग पात्याने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकडा पाडा, वर टेप दाबा, ओढा. चौकोन निघाले तर विमानावरही निघणार.

खड्डा भरायचा कसा

कारण सापडल्याशिवाय डागडुजी करू नका, नाहीतर पुढची टेप डागडुजीसकट घेऊन जाईल. सापडलं असेल तर खपलीची कड 1000 च्या, मग 1500 च्या वॉटर पेपरने ओली घासून उतरती करा. डोळे मिटून बोट फिरवा. पायरी जाणवली तर अजून घासा, कारण बोटाला जाणवणारी पायरी रंगाखालून दिसतेच. अल्कोहोलने पुसा (रंग अ‍ॅक्रिलिक असेल तर पाण्याने, अल्कोहोल त्याला विरघळवतं), तेवढ्यापुरता प्रायमर, मग रंग. ही जागा पुन्हा टेपखाली येणार असेल तर वर चमकदार वार्निशचा एक पातळ हात द्या.

खपल्या चार-पाच जागी निघाल्या असतील तर ठिगळं लावत बसू नका, पूर्ण रंग उतरवा. अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलने आणि टूथब्रशने निघतो. मात्र मॉडेल त्यात रात्रभर बुडवून ठेवू नका, जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होऊ शकतं. जुन्या एनॅमलला कॉस्टिक सोड्याचं ओव्हन-क्लीनर लागतं. तिथे हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच, आणि काचेचे भाग आधी बाजूला काढायचे.

कुठे थांबायचं

मॉडेल दुसऱ्या कुणीतरी पूर्वी रंगवलेलं असेल आणि तो रंग कोणता, केव्हाचा हे माहीत नसेल, तर कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं असू शकतात. फक्त ओलं घासा आणि तो चिखल पुसून फेका. घरात लहान मूल असेल तर तेही घरी करू नका.

मॉडेल कुणाची आठवण असेल, किंवा संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचं, तर त्याचा रंग उतरवायच्या फंदात पडूच नका. ते काम संग्रहालयातल्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाचं. आपल्याला सुधारणा वाटते ती त्याच्या लेखी नासधूस असते, आणि त्याचंच बरोबर असतं.

गाड्यांसारखं काचेसारखं कडक, दोन भागांचं पॉलियुरेथेन वार्निश हवं असेल तर ते मॉडेल खऱ्या गाड्या रंगवणाऱ्या माणसाकडे द्या. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं सतावू शकतं. घरच्या फवारणीच्या खोक्याने आणि साध्या मास्कने ते भागत नाही. लॅकर वापरताना छाती भरून येत असेल, डोकं दुखत असेल, तर रंग बंद, आणि डॉक्टरकडे जाताना डबा सोबत न्या, त्यावर घटक छापलेले असतात.

कंप्रेसरच्या नळीतून पाणी किंवा तेलाचे शिंतोडे येत असतील तर पाण्याचा सापळा रिकामा करण्यापलीकडे हात घालू नका. दाबाची टाकी उघडणं हे कंप्रेसर दुरुस्त करणाऱ्याचं काम.

आणि एकाच विमानाचा रंग तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली, तर तपशील पुसट झालेले असतात, कडा गोल झालेल्या असतात. माझ्याकडे असं एक धड आहे. त्यावर आता मी नव्या रंगांच्या जोड्या तपासतो.